आर्क टेकतो कुठे?

कोलकात्याच्या सॉल्ट लेकमध्ये, एएफ ब्लॉकात, भौतिकशास्त्रज्ञ मेघनाद साहांच्या नावाची अणुभौतिकी संस्था आहे. याच उपनगरात १९८४ साली खुलं झालेलं युवभारती क्रीडांगण आहे, जिथे रात्रीच्या सामन्यांना २ किलोवॅटचे मेटल हॅलाइड दिवे लागत आले. दोन्हींचा तसा काही संबंध नाही. पण वायू किती तापला की त्यातले किती अणू इलेक्ट्रॉन गमावतात, हे सांगणारं साहांचं १९२० चं समीकरण ताऱ्यांइतकंच त्या दिव्याच्या पोटातही चालतं. दिव्यातल्या दोन टोकांमध्ये पेटणाऱ्या विजेच्या ज्योतीच्या, म्हणजे आर्कच्या, गाभ्याचं तापमान ५,००० ते ६,००० केल्विन, म्हणजे जवळपास सूर्याच्या पृष्ठभागाइतकं. तिथे हिशेब जुळतो.

अडतो तो टोकांशी. आर्क टंगस्टनच्या काडीला जिथे भिडतो, तिथे मिलिमीटरच्या अंशाइतक्या थरात इलेक्ट्रॉन फार तापलेले असतात आणि अणू त्या मानाने थंड. समतोल धरून चालणारं समीकरण इथे हात टेकतं. दिव्याचं आयुष्य मात्र याच थरात ठरतं.

ऋणाग्रातून, म्हणजे ऋण बाजूच्या काडीतून, पुरेसे इलेक्ट्रॉन निघायचे तर टोक ३,००० केल्विनच्या आसपास तापावं लागतं. टंगस्टन वितळतो सुमारे ३,७०० ला. काडी बेताची असली की आर्क टोकभर पसरून बसतो. ती जाड झाली तर उष्णता मागे निघून जाते, टोक पुरेसं तापत नाही आणि आर्क एका ठिपक्यात आकसतो. मग तो ठिपका भटकतो, प्रकाश थरथरतो, तेवढ्याच जागी धातू वितळतो आणि नळी आतून काळवंडते. बारीक काडी तर वितळूनच जाते. थोरियम ऑक्साइड मिसळलं तर कमी तापमानात भागतं, पण थोरियम किरणोत्सारी. डिस्प्रोसियमच्या क्षारांची युक्ती मला जास्त आवडते: रंगासाठी घातलेला हा धातू वायूतून टोकावर बसतो आणि तेच काम फुकटात करतो.

खरी झीज होते दिवा लावताना. इग्नायटरने काही हजार व्होल्टचा धक्का दिला तरी टोकं गारच असतात. ती तापेपर्यंत आयन टंगस्टनवर आदळून त्याचे अणू उडवत राहतात. त्यात सामना चालू असताना वीज गेली, तर साधा इग्नायटर गरम दिव्यापुढे हतबल. आतला दाब उतरेपर्यंत दहा-पंधरा मिनिटं अंधारात बसायचं. एलईडीत ना आर्क, ना टोकं. म्हणूनच नव्या मैदानांवरचे दिवे गाण्याच्या ठेक्यावर मिचकावता येतात.