घराभोवतीचे जीव आणि आपण

पावसाळा सुरू झाला की वसतिगृहाच्या आवारात हालचाल वाढते. बिळांत पाणी शिरल्याने उंदीर धान्याच्या कोठीकडे वळतात. त्यांच्या मागावर साप येतात. खरकट्याच्या वासाने कुत्री फाटकाशी जमतात. गावाकडच्या घरीही हेच चित्र असते. म्हणूनच पालक आम्हाला नेहमी विचारतात, ‘गुरुजी, साप निघाला तर काय करावे? कुत्रा चावला तर कोठे न्यावे?’ या प्रश्नांची उत्तरे एकत्र मांडावीत, या हेतूने आम्ही हा लेख लिहीत आहोत.

प्राणी आपल्या दारात वैर साधण्यासाठी येत नाही. अन्न, पाणी आणि आसरा या तीन गोष्टी त्याला ओढून आणतात. या गोष्टी आवरणे आपल्या हाती असते. मात्र एवढे करूनही दंश झालाच, तर दवाखान्यावाचून दुसरा मार्ग नाही.

उंदीर : साखळीचे पहिले टोक

उंदीर हा घराभोवतीचा सर्वांत दुर्लक्षित प्राणी. इतिहासात मात्र त्याने मोठी उलथापालथ घडवली आहे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि पुढे पुण्यात पसरला. प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना त्याच रोगाने सावित्रीबाई फुले यांचे १० मार्च १८९७ रोजी निधन झाले, हे आपण सारे जाणतो. हा रोग उंदरांच्या अंगावरील पिसवांमार्फत माणसाला होतो, हे त्या वेळी ठाऊक नव्हते. पॉल-लुई सिमों या फ्रेंच वैद्यकाने ते १८९८ मध्ये दाखवून दिले आणि त्याला मान्यता मिळण्यास आणखी काही वर्षे गेली. आज प्लेगची धास्ती उरलेली नाही. तरी उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो. पायाला जखम असताना साचलेल्या पाण्यातून अनवाणी चालणाऱ्याला त्याचा विशेष धोका असतो.

म्हणून धान्य पत्र्याच्या झाकणबंद कोठीत असावे. खरकटे रात्रभर उघडे राहू नये. भिंतीची भोके सिमेंटने बुजवावीत. मोरीच्या तोंडाला जाळी लावावी. घरी मांजर असेल तर उत्तमच. उंदीर कमी झाले की सापाचे येणेही आपोआप कमी होते.

साप : ओळख आणि गैरसमज

आपल्याकडील बहुतेक साप बिनविषारी आहेत. धामण, दिवड, कवड्या, मांडूळ यांच्यापासून माणसाच्या जिवाला धोका नाही. धामण तर उंदीर खाऊन शेतकऱ्याचे धान्य राखते. ती गाईच्या सडाला तोंड लावून दूध पिते, ही निव्वळ कल्पना आहे. दूध हे सापाचे अन्नच नव्हे. पुंगीच्या सुरावरही नाग डोलत नाही, तो समोर हलणाऱ्या वस्तूच्या रोखाने हलतो.

भारतात सर्पदंशाने होणारे बहुसंख्य मृत्यू नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांमुळे होतात. नाग आणि मण्यार यांचे विष प्रामुख्याने मज्जासंस्थेवर परिणाम करते. पापण्या जड होतात, गिळता येत नाही आणि अखेर श्वास थांबतो. घोणस आणि फुरसे यांच्या विषाने रक्त गोठण्याची क्रिया बिघडते. घोणसेच्या दंशाने मूत्रपिंडेही निकामी होऊ शकतात. यांतील मण्यार सर्वांत फसवी आहे. ती रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. तिचे दात इतके बारीक असतात की अनेकदा खूण दिसत नाही, वेदनाही फारशी होत नाही. रात्री जमिनीवर झोपलेले मूल पहाटे पोट दुखते म्हणून उठले आणि त्याच्या पापण्या मिटू लागल्या, तर ते अपचन समजून घरी थांबू नये. तत्काळ रुग्णालय गाठावे.

दंश कोणाला होतो?

२००० ते २०१९ या २० वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे मृत्युमुखी पडली, असा संशोधकांचा अंदाज आहे. म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. यांतील जवळपास निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत होतात आणि बहुतेक खेड्यापाड्यांत होतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंशाचा समावेश दुर्लक्षित आजारांच्या यादीत केला. इतिहासाचे विद्यार्थी म्हणून आम्हाला या आकड्यांमागे माणसे दिसतात. अनवाणी पायांनी भात लावणारी बाई, अंधारात पाण्याची पाळी देणारा शेतमजूर, उसाच्या फडाशेजारी कोपीत झोपणारी मुले, गावाच्या कडेला मातीच्या भिंतीच्या घरात राहणारे कुटुंब. सापाला जात कळत नाही, पण पायात बूट कोणाच्या आहे आणि निजायला खाट कोणाला आहे, हे समाजाने ठरवलेले असते. त्यामुळे सर्पदंशाला नशीब म्हणणे आम्हाला मान्य नाही. तो टाळता येतो.

टाळण्याचे उपाय साधे आहेत. शक्य असेल तर खाटेवर झोपावे. जमिनीवरच झोपावे लागत असेल, तर मच्छरदाणी लावून तिच्या कडा अंथरुणाखाली नीट खोचाव्यात. रात्री बाहेर पडताना बॅटरी घ्यावी. बूट झटकून मगच घालावेत. सरपण, विटा आणि गोवऱ्यांचा ढीग भिंतीपासून दूर रचावा, आणि त्यात एकदम हात घालू नये. अंगणातले गवत कापलेले असावे. घरात साप दिसलाच तर त्याला कोंडीत न पकडता लांबून लक्ष ठेवावे आणि वनविभागाला किंवा जाणत्या सर्पमित्राला बोलवावे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये सापांना संरक्षण आहे. शिवाय साप मारायला जाणारा माणूसच अनेकदा दंशाला बळी पडतो.

दंशापूर्वी मैत्री, दंशानंतर औषध

अंगुत्तर निकायात या विषयावर एक सुत्त आहे. सर्पदंशाने एका भिक्खूचा मृत्यू झाला, तेव्हा भगवान बुद्धांनी भिक्खूंना चार सर्पकुळांविषयी मैत्रीभाव ठेवण्यास सांगितले. परित्राण म्हणून हे सुत्त आजही म्हटले जाते. त्याचबरोबर विनयपिटकात, साप चावलेल्या भिक्खूने त्या काळी प्रचलित असलेले औषध घ्यावे, अशी अनुज्ञाही आहे. आम्ही या दोन्ही गोष्टी एकत्र वाचतो. मैत्री दंशापूर्वी हवी, दंशानंतर औषध हवे. साप चावलेल्या मुलाला मांत्रिकाकडे किंवा देवळात नेऊन जे तास वाया जातात, तेच त्याच्या जिवावर बेततात. परित्राणपाठही रुग्णालयाच्या वाटेवर म्हणावा, रुग्णालयाऐवजी नव्हे.

दंश झाल्यावर रुग्णाला धीर द्यावा. चावलेला हात किंवा पाय, हाड मोडल्यावर बांधतात तसा फळीच्या आधाराने स्थिर ठेवावा. अंगठी, बांगड्या, पैंजण काढावेत. दोरी आवळून बांधू नये, जखम कापू नये, तोंडाने चोखू नये. रुग्णाला चालवत नेऊ नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी किंवा मिळेल त्या वाहनाने प्रतिविष असलेले रुग्णालय गाठावे. साप मारून सोबत नेण्याची गरज नाही, कारण भारतात वापरले जाणारे प्रतिविष वरील चारही सापांच्या विषावर चालते. लहान मुलालाही मोठ्या माणसाइतकीच मात्रा लागते, कारण साप दोघांनाही सारखेच विष टोचतो.

हे प्रतिविष घोड्याच्या रक्तातून मिळते. घोड्याला विषाच्या अल्प मात्रा टोचल्या की त्याच्या रक्तात प्रतिद्रव्ये तयार होतात, ती वेगळी काढून शुद्ध करतात. वाल्देमार हाफकिन यांनी प्लेगच्या साथीत लस तयार करून जानेवारी १८९७ मध्ये ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्यांच्याच नावाने परळला उभ्या असलेल्या संस्थेच्या परंपरेत पुढे प्रतिविषही बनू लागले. त्यासाठी लागणारे विष दीर्घकाळ तामिळनाडूतील इरुळा आदिवासींच्या १९७८ साली स्थापन झालेल्या सहकारी संस्थेकडून येत आले आहे. ज्यांच्या विद्येला कोणी विद्या म्हटले नाही, त्यांच्या हातांच्या कौशल्यावर देशभरातील रुग्णांचे प्राण वाचले, हे आमच्या विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावे.

कुत्रा : सोबती, पण लस टोचलेला

कुत्रा माणसाचा जुना सोबती आहे. पाळायचा असेल तर त्याला तीन महिन्यांच्या वयापासून रेबीजची लस द्यावी आणि पुढे दरवर्षी टोचून घ्यावी. मुलांना शिकवावे की खात असलेल्या, झोपलेल्या किंवा पिल्लांजवळ बसलेल्या कुत्र्याला हात लावू नये, आणि अंगावर आलेल्या कुत्र्यापुढे पळू नये.

कुत्रा किंवा मांजर चावले, ओरखडले, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी. तिखट, चुना, तेल लावू नये. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन लस सुरू करावी. जखम खोल असेल किंवा ओरखड्यातून रक्त आले असेल, तर लसीसोबत इम्युनोग्लोब्युलिनही लागते. लसीच्या ठरवून दिलेल्या सर्व तारखा पाळाव्यात. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर रुग्ण जवळपास कधीच वाचत नाही, मात्र वेळेत पूर्ण लस घेतल्यास तो रोग टळतो. लुई पाश्चर यांनी १८८५ मध्ये एका नऊ वर्षांच्या मुलाला ही लस टोचली, त्याला आता १४० वर्षे झाली. तरीही आपल्या वस्तीत ‘लहानसा ओरखडा आहे’ म्हणून दुर्लक्ष होते, ही खेदाची गोष्ट आहे.

पालकांना आणि माजी विद्यार्थ्यांना आमची एक विनंती आहे. आपल्या गावापासून सर्वांत जवळचे, प्रतिविष आणि रेबीजची लस उपलब्ध असलेले सरकारी रुग्णालय कोणते, हे आजच विचारून घ्यावे आणि त्याचे नाव व दूरध्वनी क्रमांक घराच्या दाराआड लिहून ठेवावा. तेथे औषध नसेल, तर ग्रामसभेत त्याची मागणी करावी. सुट्टीत घरी येणारे आपले मूल ही माहिती शेजाऱ्यांनाही समजावून सांगेल, अशी तयारी आम्ही शाळेत करून घेतो.