चित्रकाराच्या चरित्राचा शोध

चित्रकाराचें चरित्र लिहूं पाहणाऱ्याला आधीं आख्यायिका भेटतात, पुरावा मागाहून भेटतो. अमृता शेरगिल यांच्या बाबतींत तर हें विशेषच खरें आहे. शीख वडील, हंगेरियन आई, १९१३ सालीं बुडापेस्ट येथें जन्म, पॅरिसमध्यें कलाशिक्षण आणि ५ डिसेंबर १९४१ रोजीं, वय अवघें २८ वर्षांचें असतां, लाहोर येथें मृत्यु! असें अद्भुत आयुष्य हातीं आल्यावर चित्रांकडे पाहण्यास सवड कोणाला राहणार?

परंतु साधनें विपुल आहेत. त्यांचीं बहुतेक चित्रें दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कलासंग्रहालयांत आहेत. वडील उमरावसिंग यांनीं घेतलेलीं कुटुंबाचीं छायाचित्रें उपलब्ध आहेत. भाचे विवान सुंदरम् यांनीं संपादिलेलीं पत्रें २०१० सालीं दोन खंडांत प्रसिद्ध झालीं. मात्र कांहीं पत्रें अमृतांच्या हयातींतच आईवडिलांनीं जाळून टाकलीं होतीं. म्हणून उरलेल्या पत्रांवरून सर्व मन कळलें, असें संशोधकानें मानूं नये.

या साधनांचा उपयोग कसा करावा? एक उदाहरण पाहूं. अजिंठ्याच्या लेण्यांनीं अमृतांची कला भारतीय केली, असें पुष्कळदां सांगतात. आतां सालें शेजारीं शेजारीं मांडावीं. त्या पॅरिसहून भारतांत परतल्या १९३४ च्या अखेरीस. अजिंठा पाहिला १९३६ च्या अखेरीस. पण खालीं दृष्टि लावून बसलेल्या, मूक, खिन्न अशा 'तीन मुली' रंगविल्या गेल्या १९३५ सालींच! या चित्रास बॉम्बे आर्ट सोसायटीचें सुवर्णपदक १९३७ सालीं मिळालें. पदकाचें साल हेंच चित्राचें साल समजणारा येथें सहज फसेल.

मग अजिंठ्याचें ऋण कांहींच नाहीं काय? आहे, पण तें निराळें आहे. अजिंठ्यानंतर त्या दक्षिणेंत हिंडल्या, कोचीनजवळील मट्टंचेरी राजवाड्यांतील भित्तिचित्रें त्यांनीं पाहिलीं. त्यानंतर १९३७ सालीं 'वधूचा शृंगार', 'ब्रह्मचारी' आणि बाजारास निघालेल्या दक्षिणी ग्रामस्थांचें चित्र, अशीं तीन चित्रें तयार झालीं. आकृतींची संथ, भित्तिचित्रासारखी मांडणी त्यांत स्पष्ट दिसते. भारतीय विषयांची ओढ आधींचीच होती. तिला साजेसा आकार अजिंठ्यानें व दक्षिणेनें दिला.

हा केवळ सालांचा काथ्याकूट नव्हे. आख्यायिका जशीच्या तशी स्वीकारली, तर परतल्यानंतरच्या दोन वर्षांत त्या तरुण चित्रकर्तीनें एकटीनें केलेल्या धडपडीचें श्रेय लेण्यांच्या पदरीं पडतें. तें तिचें तिला परत करणें, हेंच चरित्रकाराचें काम होय.