टायर घेताना भाव सगळ्यात शेवटी विचारा



सोलापूरचा उन्हाळा तुम्हाला मी काय सांगणार! एप्रिल-मेमध्ये पारा ४३-४४ पर्यंत जातो आणि डांबर त्याहून जास्त तापतं. नेमकी तेव्हाच लग्नसराई, म्हणजे आपला माल सगळ्यात जास्त फिरतो. म्हणून आज धंद्याच्या गाडीच्या टायरवर बोलूया.

आधी माझी चूक सांगतो. दुकानाच्या दुसऱ्या वर्षी मी दोन ठिकाणी भाव काढला आणि जिथे दीड हजार वाचले तिथून चार टायर घेतले. मे महिन्यात चादरींचे गठ्ठे भरून पुण्याला निघालो. मोहोळच्या पुढे भर दुपारी मागचा टायर फुटला. स्टेपनी काढली, तर तिच्यात हवाच नाही! जीव वाचला, पण माल एक दिवस उशिरा पोचला आणि ते गिऱ्हाईक परत आलं नाही. नंतर टायरवरची तारीख बघितली. मी घेतला तेव्हाच तो चार वर्षं जुना होता. मी टायरची तुलना केलीच नव्हती, फक्त भावाची केली होती.

मग तुलना करायची कशी?

१) तारीख बघा. टायरच्या बाजूला चार अंक असतात. २३२५ म्हणजे २०२५ सालचा २३ वा आठवडा. जुना स्टॉक स्वस्तात मिळाला तरी नको म्हणा.

२) वजन बघा. एर्टिगाच्या टायरवर १८५/६५ आर१५ ८८ एच असं असतं. त्यातला ८८ म्हणजे एका टायरला जास्तीत जास्त ५६० किलो, आणि एच म्हणजे ताशी २१० किमीपर्यंतचा वेग. कंपनीने दिलेल्या आकड्यापेक्षा कमी आकडा कधीच घेऊ नका. आपण माल भरतो, हे लक्षात ठेवा.

३) काम बघा. युरोपात उन्हाळ्याचे आणि बर्फाचे टायर वेगळे असतात. आपल्याकडे मिळतात ते उन्हाळ्यात चालणारेच, त्यामुळे ‘समर टायर’ म्हणून कोणी जादा पैसे मागितले तर देऊ नका. खरा फरक वेगळाच आहे. सिएटचा मायलेझ, अपोलोचा अमेझर फोर-जी लाइफ हे जास्त किलोमीटर चालण्यासाठी विकले जातात. मिशेलिनचा एक्सएम-टू प्लस, गुडइयरचा ट्रिपलमॅक्स यांचा भर ओल्या रस्त्यावरच्या ब्रेकवर. रोज अक्कलकोट, पंढरपूर, तुळजापूर अशा फेऱ्या असतील तर आयुष्य आधी बघा. पावसात हायवे जास्त असेल तर पकड आधी.

४) आता भाव, तोही किलोमीटरमागे. समजा एक सेट १६,००० चा आणि चालला ४०,००० किमी, तर किलोमीटरला ४० पैसे. दुसरा २१,००० चा आणि चालला ६०,००० किमी, तर ३५ पैसे. महाग दिसणारा सेटच स्वस्त पडला की नाही? पुण्याची जाऊन-येऊन ५०० किमीची फेरी धरली तर टायरचे १७५ रुपये होतात. हे पैसे तुमच्या डिलिव्हरीच्या रेटमध्ये धरलेत का?

आणि हवेचं काय? “उन्हाळा आहे, हवा कमी ठेव” असं चौकात कोणीतरी सांगतंच. ऐकू नका. हवा कमी असली की टायर जास्त दबतो, जास्त तापतो आणि फुटतो. सकाळी गाडी थंड असताना कंपनीने सांगितली तेवढी हवा भरा, स्टेपनीतसुद्धा. गरम टायरमधली हवा सोडू नका. नायट्रोजनसाठी हट्ट नको, साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो.

समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला. पुढे अपघात वाढले तेव्हा परिवहन विभागाने तिथे गाड्यांचे टायर तपासायला सुरुवात केली. आपण मात्र कोणी अडवायची वाट बघायची नाही.

आजचं होमवर्क: गाडीपाशी जा, पाचही टायरची तारीख वहीत लिहा आणि नक्षीची खोली बघा. १.६ मिमीपर्यंत झिजला असेल तर टायर बदला. मशीन घेतानाही हाच हिशोब लावा: किती दिले ते नंतर, किती काम देईल ते आधी.

भेटू पुढच्या व्हिडिओत!