गेटवे ऑफ इंडिया : एका प्रवेशद्वाराचा राजकीय इतिहास

प्रस्तावना :

नगरांच्या वेशी प्राचीन काळापासून संरक्षणासाठी उभारल्या जात. मात्र तटबंदी नाहीशी झाल्यावरही काही प्रवेशद्वारे टिकून राहतात, किंबहुना तटबंदी कधीच नसताना नव्याने बांधली जातात. अशा द्वारांचे कार्य संरक्षणाचे नसून प्रदर्शनाचे असते. बर्लिनचे ब्रांडेनबुर्ग द्वार हे याचे सर्वपरिचित उदाहरण होय. १७९१ साली पूर्ण झालेल्या या द्वारावरील रथशिल्प नेपोलियनने १८०६ मध्ये विजयचिन्ह म्हणून पॅरिसला नेले व १८१४ मध्ये ते परत आले. १९६१ मध्ये बर्लिनच्या भिंतीमुळे हे द्वार बंद झाले आणि २२ डिसेंबर १९८९ रोजी ते पुन्हा खुले झाले. दगड तेच राहिले. अर्थ मात्र प्रत्येक राजवटीबरोबर बदलत गेला. मुंबईच्या गेटवे ऑफ इंडियाचा इतिहासही याच दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे. या वास्तूचा अर्थ तिच्या कोनशिलेने ठरविला, की तिच्यासमोर घडलेल्या घटनांनी, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

उभारणीची पार्श्वभूमी :

गेटवेची जागा म्हणजे अपोलो बंदर. मराठी माणूस त्यास पालवा बंदर म्हणून ओळखत असे. कोळी समाजाच्या होड्या लागणाऱ्या या धक्क्याचे पुढे गव्हर्नर व मान्यवर पाहुणे यांच्या आगमनाच्या ठिकाणात रूपांतर झाले. २ डिसेंबर १९११ रोजी सम्राट पंचम जॉर्ज व राणी मेरी दिल्ली दरबारासाठी येथे उतरले. त्या वेळी आजची वास्तू अस्तित्वात नव्हती. स्वागतासाठी केवळ तात्पुरता मंडप उभारला होता. म्हणजेच ज्या आगमनाचे स्मारक म्हणून गेटवे ओळखले जाते, ते आगमन त्याच्या कमानीखालून झालेच नाही.

३१ मार्च १९१३ रोजी गव्हर्नर सर जॉर्ज सिडनहॅम क्लार्क यांनी कोनशिला बसविली. वास्तुविशारद जॉर्ज विटेट यांचा आराखडा १९१४ मध्ये मंजूर झाला. समुद्रात भराव घालणे व संरक्षक भिंत बांधणे यांत १९१५ ते १९१९ हा काळ गेला आणि १९२० मध्ये पाया पूर्ण झाला. पिवळसर बेसॉल्ट दगड व प्रबलित काँक्रीट यांचा वापर करून सुमारे २६ मीटर उंचीची वास्तू १९२४ मध्ये सिद्ध झाली. तिच्यात गुजरातच्या सोळाव्या शतकातील स्थापत्याची छाप आहे, तर नक्षीदार जाळ्या ग्वाल्हेरहून आणल्या होत्या. एतद्देशीय शैलीचा स्वीकार हेही एक राजकीय विधानच होते. आपण परके नसून येथील पूर्वीच्या राजवटींचे वारसदार आहोत, असे साम्राज्यास त्यातून सुचवावयाचे होते.

बांधकामास सुमारे २१ लक्ष रुपये खर्च आला. वास्तूकडे थेट येणारा प्रशस्त रस्ता नियोजित होता. परंतु निधीअभावी तो झाला नाही. परिणामी गेटवेकडे येणारा रस्ता त्यास आजही तिरका येऊन मिळतो. साम्राज्याच्या वैभवाचे प्रदर्शन करणाऱ्या वास्तूतच त्याच्या आर्थिक मर्यादेची खूण राहून गेली.

बांधकामाचा काळ आणि बदललेले राजकारण :

कोनशिला ते उद्‌घाटन या अकरा वर्षांत भारतीय राजकारण मुळापासून बदलले. ९ जानेवारी १९१५ रोजी दक्षिण आफ्रिकेहून परतलेले मोहनदास गांधी याच अपोलो बंदरावर उतरले. १७ नोव्हेंबर १९२१ रोजी प्रिन्स ऑफ वेल्स मुंबईत उतरले, तेव्हा असहकार चळवळीने त्यांच्या स्वागतावर बहिष्कार घातला. परळ येथे परदेशी कापडाची होळी झाली. पाठोपाठ शहरात दंगल उसळून पन्नासहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली व गांधीजींनी उपोषण आरंभिले. दहा वर्षांपूर्वी ज्या बंदरावर सम्राटांचे स्वागत झाले होते, तेथेच त्यांच्या पुत्राच्या आगमनाने शहर दुभंगले. ४ डिसेंबर १९२४ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांनी गेटवेचे उद्‌घाटन केले, तेव्हा ज्या निःशंक सत्तेचे ते प्रतीक होते, ती सत्ता निःशंक उरली नव्हती.

निर्गमनाचे द्वार :

फेब्रुवारी १९४६ मध्ये ‘तलवार’ या नौदल केंद्रातून सुरू झालेला भारतीय खलाशांचा उठाव मुंबईभर पसरला. गेटवेपासून जवळच असलेल्या कॅसल बॅरॅक्समधील खलाशांना वेढा पडला, तेव्हा सामान्य नागरिकांनी गेटवे परिसरात त्यांच्यासाठी अन्न आणून दिले. शहरातील गोळीबारात दोनशेहून अधिक लोक मरण पावले. आगमनाच्या सोहळ्यासाठी बांधलेल्या चौकात प्रथमच सत्तेविरुद्धचे सहकार्य उघडपणे दिसून आले.

दरम्यान प्रवासाचे साधनही बदलले होते. शेवटचे व्हाइसरॉय लॉर्ड माउंटबॅटन मार्च १९४७ मध्ये विमानाने थेट दिल्लीस उतरले. त्यांना समुद्रद्वाराची गरज भासली नाही. २८ फेब्रुवारी १९४८ रोजी मात्र सॉमरसेट लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या पलटणीने भारतीय सैन्याची मानवंदना स्वीकारून गेटवेच्या कमानीखालून समुद्राकडे प्रस्थान केले. भारतातून परतणारी ही अखेरची ब्रिटिश पलटण होती. तिला गेटवेची चांदीची प्रतिकृती भेट देण्यात आली. प्रवेशासाठी योजिलेले द्वार निर्गमनासाठी स्मरणात राहिले.

स्वातंत्र्योत्तर काळ :

स्वतंत्र भारताने गेटवे पाडले नाही, त्याचे नावही बदलले नाही; सम्राटांच्या आगमनाची नोंद करणारा शिलालेख आजही तेथेच आहे. बदल झाला तो समोरच्या पुतळ्यात. गेटवेसमोरील पंचम जॉर्ज यांच्या पुतळ्याची जागा छत्रपती शिवाजी महाराजांच्या अश्वारूढ पुतळ्याने घेतली. त्याचे अनावरण २६ जानेवारी १९६१ रोजी झाले. संयुक्त महाराष्ट्राचा लढा व १ मे १९६० ची राज्यनिर्मिती यानंतर अवघ्या नऊ महिन्यांत घडलेली ही घटना केवळ सुशोभीकरणाची नव्हती. मुंबई कोणाची, या वादास मिळालेले ते शिल्परूप उत्तर होते. दिल्लीतही इंडिया गेटजवळील छत्रीतून याच सम्राटांचा पुतळा १९६८ मध्ये हलविण्यात आला. परंतु ती छत्री अनेक दशके रिकामी राहिली व २०२२ मध्ये तेथे नेताजी सुभाषचंद्र बोस यांचा पुतळा आला. मुंबईने जो निर्णय तत्काळ घेतला, त्यास दिल्लीत अर्धशतकाहून अधिक काळ लागला.

लोकांचा चौक :

पुढील काळात गेटवे दुःखाचे व निषेधाचेही स्थळ बनले. २५ ऑगस्ट २००३ रोजी येथे व झवेरी बाजारात झालेल्या बॉम्बस्फोटांत पन्नासहून अधिक लोक ठार झाले. समोरच्या ताजमहाल हॉटेलवरील नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतर ३ डिसेंबर रोजी हजारो नागरिक कोणत्याही पक्षाच्या झेंड्याविना येथे एकत्र आले. जानेवारी २०२० मध्ये जवाहरलाल नेहरू विद्यापीठातील हिंसाचाराच्या निषेधार्थ विद्यार्थ्यांनी येथे ठाण मांडले, तेव्हा पोलिसांनी त्यांना आझाद मैदानात हलविले. गेटवेजवळच्या नियोजित प्रवासी जेट्टीस स्थानिक रहिवाशांनी विरोध केला असता २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने काही अटींसह प्रकल्पास अनुमती दिली. या जागेवर हक्क कोणाचा, हा मूळ प्रश्न अशा रीतीने पुन्हा पुन्हा उपस्थित होतो. फरक इतकाच की, पूर्वी तो साम्राज्य व प्रजा यांच्यात होता. आज तो शासन व नागरिक यांच्यात आहे.

समारोप :

उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, स्मारकाचा अर्थ ते बांधणाऱ्याच्या हाती राहत नाही. पंचम जॉर्ज यांचे नाव शिलालेखात कायम आहे. तरी घारापुरीच्या बोटीसाठी रांगेत उभे राहणाऱ्या प्रवाशांच्या लेखी ही वास्तू त्यांची नसून मुंबईची आहे. वसाहतकालीन वास्तू पाडणे किंवा तिचा इतिहास झाकणे यापेक्षा तिच्यासमोरील जागा लोकांसाठी खुली ठेवणे, हाच तिचे स्वरूप बदलण्याचा अधिक परिणामकारक मार्ग ठरला आहे. म्हणून गेटवेच्या जतनाचा विचार करताना केवळ दगडांना गेलेले तडे पाहून भागणार नाही. त्या चौकात एकत्र येण्याचा नागरिकांचा हक्क जपणे हाही त्या जतनाचाच भाग मानला पाहिजे.