युरोपातील चांदीचे सामाईक चषक

युरोपातील वस्तुसंग्रहालयांत मांडलेले चांदीचे जुने चषक पाहताना दृष्टी प्रथम त्यांवरील नक्षीकामाकडे वळते. परंतु हे चषक केवळ शोभेसाठी घडविलेले नव्हते. एकाच पात्रातून अनेकांनी पिण्याची चाल तेथे शतकानुशतके होती आणि कित्येक पात्रांचे घाट त्या चालीतूनच निर्माण झाले.

सतराव्या शतकातील डेन्मार्क-नॉर्वेकडील काही 'टँकार्ड' याचे उत्तम उदाहरण होत. झाकण व मूठ असलेल्या या बियरच्या भांड्याच्या आत, मुठीच्या बाजूस, वरपासून खालपर्यंत ठरावीक अंतरावर छोट्या खुंट्या बसविलेल्या असत. प्रत्येकाने एका खुंटीपासून पुढच्या खुंटीपर्यंत प्यावे व भांडे शेजाऱ्याच्या हाती द्यावे, असा रिवाज. कोणी आपला वाटा टाळू नये आणि अधिकही घेऊ नये, यासाठी केवढी ही दक्षता!

लंडनमधील जुन्या व्यवसाय-संघांच्या मेजवान्यांत दोन मुठींचा, झाकण असलेला 'लव्हिंग कप' आजही फिरविला जातो. पिणाऱ्याचे दोन्ही हात चषकात गुंतलेले असतात. समोरचा शेजारी उजव्या हाताने झाकण उचलून धरतो. म्हणजे खंजीर उपसण्याचा त्याचा हातही अडकला! दुसरा शेजारी पिणाऱ्याच्या पाठीला पाठ लावून पहाऱ्यासारखा उभा राहतो. पिऊन झाल्यावर काठ फडक्याने पुसून चषक पुढे जातो. सन ९७८ मध्ये कॉर्फ येथे इंग्लंडच्या तरुण राजा एडवर्डचा वध झाला. तो पेय घेत असतानाच घाव बसला आणि त्यावरून हा विधी निघाला, अशी आख्यायिका आहे. तिचे खरेखोटे इतिहासकारांवर सोपविलेले बरे. उष्ट्याचा विचार करणाऱ्या आपल्या वाचकांस हा प्रकार चमत्कारिक वाटेल. तेथे मात्र एका काठाला ओठ लावणे ही स्नेहाची खूण मानली गेली.

पंगतीतील माणसांप्रमाणे धातूचीही खात्री हवी असे. १४७८ पासून लंडनच्या गोल्डस्मिथ्स हॉलमध्ये चांदीचा कस पाहून छाप मारला जाऊ लागला. आपल्या सराफांकडे आता रुळलेला 'हॉलमार्क' हा शब्द त्या हॉलवरूनच आला. 'स्टर्लिंग' चांदीत हजार भागांपैकी ९२५ भाग शुद्ध चांदी असते.

अशा खात्रीच्या चांदीमुळे चषक म्हणजे अडीअडचणीची पुंजीच होती. यादवी युद्धात, १६४३ च्या आरंभी, ऑक्सफर्डच्या महाविद्यालयांची चांदी राजा पहिला चार्ल्स याच्या टांकसाळीत गेली. पिढ्यान्‌पिढ्या जपलेले चषक वितळून त्यांची सैन्याच्या खर्चासाठी नाणी झाली. कॉर्पस क्रिस्टी महाविद्यालयाची जुनी चांदी तेवढी त्यातून मोठ्या प्रमाणावर वाचली.