जुनी स्पोर्ट्स बाईक घेताय? ‘रिकॉल’ बाकी आहे का, ते विचारा

मुलगा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला गेला की घरात एक विषय हमखास निघतो. त्याला बाईक हवी असते, आणि तीही साधी नव्हे, स्पोर्ट्स! नव्या गाडीची किंमत ऐकून वडील गप्प होतात. मग कोल्हापूरचा मामेभाऊ, पुण्यातला मित्र किंवा म्हापशातला कुणी ओळखीचा ‘चांगल्या कंडिशनमधली’ जुनी गाडी सुचवतो आणि सौदा ठरतो.

सौदा करताना आपण काय काय पाहतो? रंग, टायर, किलोमीटर, विमा, बँकेचा हप्ता फिटला की नाही, आर.सी.वरचे नाव, दुसऱ्या राज्यातली गाडी असेल तर एन.ओ.सी. हे सगळे पाहायलाच हवे. पण एक प्रश्न फारसा कुणी विचारत नाही. या गाडीचा एखादा रिकॉल करायचा राहिला आहे का?

रिकॉल म्हणजे काय?

गाडी विकल्यानंतर एखाद्या भागात कारखान्यातलाच दोष असल्याचे कंपनीच्या लक्षात येते. मग त्या ठराविक काळात बनलेल्या गाड्या कंपनी परत बोलावते आणि तो भाग तपासून विनामूल्य दुरुस्त करून किंवा बदलून देते. याला रिकॉल म्हणतात. रिकॉल झालेली गाडी म्हणजे भंगार, असा अनेकांचा समज असतो. तो खरा नाही. जपानी, जर्मन, इटालियन, भारतीय, सगळ्याच कंपन्यांवर ही वेळ येते. धोका रिकॉल निघाल्याचा नसतो, तो निघूनही काम न झाल्याचा असतो.

यामाहाच्या वायझेडएफ-आर३ या गाडीचे उदाहरण घेऊ. ३२१ सीसीची ही स्पोर्ट्स बाईक भारतात २०१५ साली आली. २०१६ मध्ये क्लचची प्रेशर प्लेट आणि ऑइल पंप यांसाठी कंपनीने ९०२ गाड्या परत बोलावल्या. २०१७ मध्ये पेट्रोल टाकीचा ब्रॅकेट आणि मेन स्विच यांसाठी पुन्हा रिकॉल निघाला. २०१८ मध्ये रेडिएटरची रबरी नळी आणि एक टॉर्शन स्प्रिंग बदलण्यासाठी आणखी १,८७४ गाड्या बोलावल्या गेल्या. तीन वर्षांत एकाच मॉडेलचे तीन रिकॉल! तेव्हा जुना मालक “एकदा काम करून घेतलंय” असे म्हणाला, तरी ते कोणते काम होते आणि बाकीच्यांचे काय झाले, हे विचारायला हवे. रेडिएटरची नळी फुटून पाणी मागच्या टायरवर आले तर चोर्ला घाटाच्या वळणावर काय होईल, हे वेगळे सांगायला नको.

पत्र जाते कुठे?

रिकॉल निघाला की कंपनी पत्र, फोन किंवा एसएमएस करून मालकाला कळवते. पण कोणत्या मालकाला? जो तिच्या नोंदीत आहे त्याला, म्हणजे बहुधा पहिल्या मालकाला. त्याने गाडी विकली, ती एमएच-०९ ची केए-२२ झाली, तिथून गोकाकला गेली. आर.टी.ओ.मध्ये नाव बदलले म्हणून कंपनीच्या नोंदीत ते आपोआप बदलतेच असे नाही. पत्र कोल्हापूरच्या जुन्या पत्त्यावर पडून राहते आणि गाडी बेळगावच्या रस्त्यावर धावत असते. आपल्या भागात गाड्या सतत तीन राज्यांत फिरतात, त्यामुळे ही अडचण आपल्याकडे अधिक. शिवाय जुनी गाडी बहुधा गल्लीतल्या ओळखीच्या मेकॅनिककडे जाते. त्याचा हात कितीही चांगला असला, तरी कंपनीच्या रिकॉलची नोंद त्याच्याकडे नसते.

अमेरिकेतील एक खटला

ऑक्टोबर २०१३ मध्ये सुझुकीने जीएसएक्स-आर मालिकेतील ६००, ७५० आणि १००० सीसीच्या गाड्यांचा मोठा रिकॉल काढला. २००४ ते २०१३ या काळातल्या मॉडेलच्या अशा सुमारे २ लाख १० हजार गाड्या एकट्या अमेरिकेत होत्या. दोष पुढच्या ब्रेकच्या मास्टर सिलिंडरमध्ये होता. ब्रेक ऑइल जुने झाले की आतला पिस्टन गंजायचा, त्यातून वायू तयार व्हायचा आणि तो बाहेर न पडता आतच साचायचा. मग ब्रेकचा दांडा ओढला तरी तो मऊ लागायचा आणि गाडी थांबायला जास्त अंतर घ्यायची.

हा रिकॉल निघण्याच्या दोनच महिने आधी, ऑगस्ट २०१३ मध्ये, जॉर्जिया राज्यात अशाच गाडीचा पुढचा ब्रेक लागला नाही आणि चालक गंभीर जखमी झाला. खटला चालला. ज्युरीने दोष मान्य करून चालकासाठी १ कोटी ५ लाख डॉलरची भरपाई ठरवली. पण दर दोन वर्षांनी ब्रेक ऑइल बदला, असे गाडीच्या माहितीपुस्तिकेत छापलेले असताना चालकाने ते आठ वर्षांत एकदाही बदलले नव्हते. म्हणून ४९ टक्के जबाबदारी त्याच्यावर टाकण्यात आली आणि भरपाई तेवढी कमी झाली. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली हा निकाल कायम ठेवला. कंपनीची चूक होतीच. पण मालकाने आपल्याकडची साधी निगा राखली नाही, तर कोर्टही ते मोजते आणि शरीरालाही ते भोगावे लागते.

आपल्याकडचा कायदा

भारतात वाहन उत्पादकांच्या ‘सियाम’ या संघटनेने जुलै २०१२ पासून स्वेच्छेने रिकॉल करण्याची पद्धत सुरू केली. पुढे २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम ११०-अ आले आणि त्याचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. सात वर्षांच्या आतील वाहनांबाबत पुरेशा तक्रारी आल्या, तर सरकार कंपनीला रिकॉलचा आदेश देऊ शकते आणि दंडही करू शकते. स्वतःहून रिकॉल काढणाऱ्या कंपनीला दंड नाही. म्हणजे गाडीत दोष दिसला तर नुसते कुरकुरत न बसता रीतसर तक्रार नोंदवणे, हेही ग्राहकाचे कामच झाले.

कसे पाहाल?

* आर.सी.वरचा १७ अक्षरी चासी नंबर लिहून घ्या. हँडलच्या मानेवर ठोकलेल्या नंबराशी तो ताडून पाहा. या नंबरात इंग्रजी ‘आय’, ‘ओ’ आणि ‘क्यू’ ही अक्षरे नसतात. गोल दिसेल ते शून्यच समजा.

* बऱ्याच कंपन्यांच्या संकेतस्थळावर हा नंबर टाकून रिकॉल पाहता येतो. सियामच्या संकेतस्थळावरही रिकॉलची माहिती मिळते.

* ते जमत नसेल तर चासी नंबर घेऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरला जा. मराठीत विचारा, “या गाडीचा कुठला रिकॉल बाकी आहे का?” किंवा कन्नडमध्ये, “ई गाडीदु रिकॉल बाकी ऐतेन्री?” गाडी आणि बाकी हे शब्द दोन्हीकडे सारखेच, त्यामुळे अडण्याचे कारण नाही.

* काम बाकी असेल तर दिवस ठरवून घ्या. सुटा भाग यायला वेळ लागणार असेल, तर तोवर गाडी चालवणे सुरक्षित आहे का, तेही विचारा. रिकॉलच्या कामाला पैसे पडत नाहीत.

* काम झाल्यावर जॉब कार्डवर रिकॉलची नोंद करून घ्या आणि तो कागद आर.सी.सोबत ठेवा. पुढे गाडी विकताना त्याचा उपयोग होईल.

* आपले नाव, पत्ता आणि मोबाईल नंबर कंपनीच्या नोंदीत बदलून घ्या. पुढचा रिकॉल थेट तुमच्यापर्यंत येईल.

* वर्षातून एकदा पुन्हा पाहा. विम्याचे नूतनीकरण करायच्या दिवशी पाहिले तर लक्षात राहते.

हे सारे फक्त मुलाच्या स्पोर्ट्स बाईकपुरते नाही. मे २०२१ मध्ये रॉयल एनफिल्डने इग्निशन कॉइलसाठी २ लाख ३६ हजारांहून अधिक मीटिऑर, क्लासिक आणि बुलेट गाड्या बोलावल्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये यामाहाने ब्रेक लिव्हरसाठी १२५ सीसीच्या सुमारे ३ लाख रे-झेडआर आणि फॅसिनो स्कूटर बोलावल्या. म्हणजे बाबांची बुलेट आणि आईची स्कूटर यांचेही चासी नंबर याच कागदावर लिहून घ्यावेत. सर्व्हिस सेंटरची एकच फेरी होईल आणि घरातल्या तिन्ही गाड्यांचे उत्तर मिळेल.