धरण दूर, बंधन सात-बारावर!

धरणाची साठवण वाढली, कालवा पुढे सरकला की नवी गावं लाभक्षेत्रात येतात. पाणी कधी येईल ते येवो, सात-बाराच्या ‘इतर अधिकार’ रकान्यात शेरा आधी येतो : ‘पुनर्वसनासाठी राखीव’.

हा शेरा कशासाठी?
ज्यांची जमीन बुडते त्यांना लाभक्षेत्रात पर्यायी जमीन द्यायची, हे राज्याच्या पुनर्वसन कायद्यांचं (१९७६, १९८६ आणि सध्याचा १९९९चा) मूळ सूत्र. ती जमीन ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त क्षेत्र असलेल्या लाभधारकांकडून घेतली जाते. गावाकडे यालाच ‘स्लॅब’ म्हणतात. कुठे चार एकरांचा, कुठे आठ एकरांचा. स्लॅब चुकवायला कोणी जमीन भावाभावांत तोडून दाखवू नये, म्हणून अधिसूचनेनंतर जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय विक्री किंवा वाटणी होत नाही.

हेतू रास्त आहे. अडचण शेरा वर्षानुवर्षं तसाच राहतो तेव्हा होते. पुणे जिल्ह्यातल्या भामा आसखेडचं पाणी शहरांकडे वळलं, कालवे रद्द झाले. तरी शेरे काढून घेण्यासाठी शेतकऱ्यांना झगडावं लागलं. पाणी नाही, आणि मुलीच्या लग्नाला एकरभर विकायचीही सोय नाही!

सीलिंग वेगळं
स्लॅब आणि सीलिंग यांत गल्लत नको. १९६१च्या कमाल जमीन धारणा कायद्यात पाच जणांच्या कुटुंबाला कोरडवाहू जमीन ५४ एकरांपर्यंत ठेवता येते; बारमाही बागायत मात्र १८ एकरच. मधले टप्पे २७ आणि ३६ एकरांचे. म्हणजे सरकारी कालव्याचं पाणी आल्यावर मोठ्या खातेदाराची मर्यादा आक्रसू शकते.

शेजारी पाइप टाकू देत नसेल तर?
आधी समजुतीनं बघावं. नाहीच जमलं तर जमीन महसूल संहितेच्या कलम ४९ खाली तहसीलदारांकडे अर्ज करता येतो. पाइप शक्यतो जवळच्या मार्गानं आणि जमिनीखाली किमान अर्धा मीटर खोल हवा. शेजाऱ्याला भरपाई द्यावी लागते, पण त्याची मालकी जात नाही.

आणि आपल्या उताऱ्यावर शेरा दिसला तर तलाठ्याकडून त्याचा फेरफार काढून घ्या. कोणत्या प्रकल्पासाठी, कोणत्या आदेशानं नोंद झाली, हे त्यात असतं. शेरा कमी करण्याचा अर्ज त्याशिवाय पुढे सरकत नाही.